फालसा आणि त्याच्या रानमाश्या

उन्हाळा ऐन भरात आला की मुंबई-पुण्याच्या जुन्या बाजारपेठांत एखाद्या हातगाडीवर काळपट जांभळ्या, वाटाण्याहून थोड्या मोठ्या फळांचा ढीग दिसू लागतो. मीठ-मसाला भुरभुरून कागदाच्या पुडीतून विकले जाणारे हे आंबटगोड फळ म्हणजे फालसा. जेमतेम महिना-दीड महिना तो दिसतो आणि पावसाच्या पहिल्या सरींबरोबर नाहीसा होतो. उरलेले वर्षभर त्याची ओळख सरबताच्या बाटलीपुरती राहते.

फालशाला फळबाजारात प्रतिष्ठा नाही, याचे कारण त्याची चव नसून त्याचा स्वभाव आहे. एका घोसातील सगळी फळे एकदम पिकत नाहीत. त्यामुळे दर एक-दोन दिवसांनी झुडपापाशी जाऊन पिकलेले फळ तेवढे हाताने वेचावे लागते. तोडलेले फळ चोवीस तासांत खपले नाही तर बिघडू लागते. द्राक्षासारखी शीतगृहाची साखळी त्याला लाभलेली नाही, आंब्यासारखे परदेशी गिऱ्हाईकही नाही. अशा फळांना कृषिशास्त्रात ‘अल्पवापरातील फळे’ म्हणण्याचा प्रघात आहे. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ ज्युलिया मॉर्टन यांनी उष्ण प्रदेशातील फळांवर १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात फालशाच्या व्यापारी लागवडीची मुख्य क्षेत्रे म्हणून दोनच नावे दिली आहेत. एक पंजाब आणि दुसरे मुंबईचा परिसर. आज फालशाच्या बागा प्रामुख्याने पंजाबच्या दोन्ही भागांत, भारतातल्या आणि पाकिस्तानातल्या, तसेच उत्तर भारताच्या मैदानात आढळतात. मुंबईच्या वाट्याला उरली आहे ती हातगाडी.

लोकांनी मात्र हे फळ फार पूर्वीपासून ओळखले होते. संस्कृतात त्याला ‘परूषक’ म्हणतात. परुष म्हणजे खरखरीत. फालशाच्या रुंद, लवदार पानावरून बोट फिरवणाऱ्याला हे नाव शोभते असेच वाटेल. बौद्ध भिक्षूंना दुपारनंतर घेण्यास अनुमती असलेल्या आठ पेयांच्या पाली यादीत आंबा व जांभळाच्या रसाबरोबर ‘फारुसक’ पानाचाही समावेश आहे. म्हणजे फालशाचे सरबत अडीच हजार वर्षांच्या परंपरेतले आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

शास्त्रीय नाव ग्रेविया एशियाटिका. पूर्वी या झुडपाचा समावेश वेगळ्या कुळात केला जाई; आता ते जास्वंद, कापूस आणि भेंडी यांच्या कुळात धरले जाते. हे नाते समजण्यास सूक्ष्मदर्शकाची गरज नाही. फालशाची साल पाण्यात कुस्करली की भेंडीसारखाच बुळबुळीत रस निघतो आणि उसाच्या रसातील मळी काढण्यासाठी तो वापरला जात असे. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळांत हेच काम भेंडी करते. पश्चिम घाटात सर्वपरिचित असलेला धामण हा वृक्षही फालशाचा सख्खा भाऊबंद.

‘ग्रेविया’ हे प्रजातिनाम लिनियसने नेहेमाया ग्रू या इंग्रज वैद्याच्या स्मरणार्थ ठेवले. हा योगायोग लक्षणीय आहे. ग्रू यांनी १६८२ साली प्रसिद्ध केलेल्या वनस्पतींच्या शरीररचनेवरील ग्रंथात परागकणांचे सूक्ष्मदर्शकाखालील वर्णन केले आणि पुंकेसर हे फुलाचे पुरुषांग असावे, असे मत मांडले. पराग म्हणजे निव्वळ धूळ नव्हे, हे ज्यांनी आरंभीच्या काळात ओळखले त्यांपैकी ते एक. त्यांच्या नावाच्या झुडपावर पराग नेमका कोण वाहून नेतो, याकडे मात्र अगदी अलीकडेपर्यंत फारसे कोणी पाहिले नव्हते.

फुलाची घडण

फालशाच्या झुडपाची छाटणी थंडीत, साधारण डिसेंबर-जानेवारीत, पाने गळालेली असताना केली जाते. फळ नव्या फुटव्यावरच धरत असल्याने ही छाटणी चांगलीच कडक असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये लांब, लवचीक फांद्या फुटतात आणि पानांच्या बेचक्यांतून पिवळ्या फुलांचे छोटे गुच्छ येऊ लागतात. फुलोरा एकदम न येता फांदी जशी वाढत जाते तसा खालून वर सरकत राहतो. म्हणून एकाच फांदीवर बुडाशी पिकलेले फळ, मध्ये हिरवे फळ आणि शेंड्याकडे कळी, असे दृश्य दिसते. वेचणीची कटकट येथूनच सुरू होते.

एकेक फूल दोन सेंटिमीटरच्या आतबाहेरचे. पाच लांबट निदले बाहेरून लवदार आणि आतून पिवळी असतात, त्यामुळे तीच पाकळ्या असल्याचा भास होतो. खऱ्या पाकळ्या त्यांच्याहून आखूड. मधोमध पुंकेसरांचा दाट झुबका आणि त्यातून वर डोकावणारी कुक्षी. मध कोठे आहे, हे या फुलाचे मर्म होय. प्रत्येक पाकळीच्या तळाशी एक ग्रंथी असते आणि मधुरस तेथे स्रवतो. तो हवा असेल तर कीटकाला पाकळी आणि झुबका यांच्यामधल्या फटीत डोके खुपसावे लागते. असे करताना अंगापिंडाने भरलेल्या माशीचे पोट परागकोषांवर घासते आणि बहुधा कुक्षीलाही टेकते. अगदी लहान कीटक मात्र कडेने आत शिरून, कुक्षीला न शिवता, मध पिऊन जाऊ शकतो. फुलाच्या दृष्टीने तो फुकट्या पाहुणा.

म्हणून फुलावर बसणारा प्रत्येक कीटक परागीभवन करतोच असे नाही, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावी लागते. फालशाच्या फुलांवर मधमाश्या, भुंगे, गांधीलमाश्या, साध्या माश्या आणि फुलपाखरे अशी बरीच वर्दळ असते. त्यांपैकी कोणाचे काम किती, हे ठरवायचे तर नुसती डोकी मोजून भागत नाही. एका मिनिटात कीटक किती फुले हाताळतो, त्याच्या एका भेटीनंतर फळ धरते की नाही, हे पाहावे लागते. त्यासाठी कळी उमलण्यापूर्वीच तिच्यावर जाळीची पिशवी बांधतात. फूल उमलल्यावर पिशवी काढून एकाच कीटकाला एकदाच बसू देतात आणि लगेच पिशवी पुन्हा चढवतात. सबंध काळ झाकलेली फुले आणि सबंध काळ उघडी ठेवलेली फुले तुलनेसाठी बाजूला ठेवलेली असतात. काम चिकाटीचे, उन्हातले आणि कंटाळवाणे आहे. फालशाच्या वाट्याला ते उशिरा आले यात नवल नाही.

परागाचा परिणाम फळाच्या आकारापर्यंत जाऊन पोहोचतो. फालशाच्या लहान फळात सहसा एक बी असते, मोठ्या फळात दोन. प्रत्येक बी म्हणजे एका बीजांडापर्यंत पोहोचलेला परागकण. हातगाडीवरचे टपोरे फळ निवडून घेणारे गिऱ्हाईक नकळत माशीच्या कामाचीच पारख करीत असते.

पोटावर पराग

मधमाशी म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर आग्या मोहोळ येते, फार तर सातेरी आणि फुलोरी. महाराष्ट्राचा मधमाश्यांशी संबंध जुना आहे. केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून पुण्यात आहे आणि महाबळेश्वरजवळचे मांघर २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. पण ही सारी ओळख मध देणाऱ्या माश्यांची. जगात माश्यांच्या या गटाच्या वीस हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत आणि त्यांतील बहुसंख्य जाती पोळे बांधत नाहीत, मध साठवत नाहीत, राणी-कामकरी असा संसारही मांडत नाहीत. एकेक मादी स्वतःचे घरटे स्वतः करते, पिलांचे अन्न स्वतः गोळा करते आणि पिले बाहेर पडण्यापूर्वी बहुधा मरून जाते. यांना एकल माश्या म्हणतात.

फालशाच्या संदर्भात यांपैकी मेगाकायली ही प्रजाती महत्त्वाची आहे. पाकिस्तानातील संशोधकांनी तिच्यातील मेगाकायली सेफॅलोटिस या जातीचा फालशावरील अभ्यास २०१९ साली ‘सोशियोबायॉलॉजी’ या संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध केला. या जातीचे नर आणि माद्या यांची परागीभवनातील कामगिरी त्यांनी वेगवेगळी मोजली, हे त्याचे वैशिष्ट्य. सामान्यतः अशा पाहण्यांत ‘माशी’ एवढीच नोंद होते; नर की मादी, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

प्रश्न मात्र योग्य आहे, कारण दोघांचे फुलावर येण्याचे हेतू निराळे. सातेरी किंवा आग्या माशी पराग मधात भिजवून त्याची गोळी मागच्या पायांवरील टोपलीत दाबून बसवते. तो ओला, घट्ट पराग कुक्षीला लागणे अवघड. मेगाकायलीच्या मादीला अशी टोपली नसते. तिच्या पोटाच्या खालच्या बाजूस ताठ केसांचा दाट ब्रश असतो आणि पराग त्यात कोरडाच अडकून राहतो. फालशाच्या फुलावर पोट घासत फिरणाऱ्या या मादीच्या अंगावरून सुटे कण पुढच्या फुलाच्या कुक्षीवर सहज सांडतात. तिला परागाची गरजही मोठी असते. अंडे घालण्यापूर्वी प्रत्येक कोठडीत पराग आणि मध यांचा गोळा भरून ठेवायचा असल्याने तिला दिवसभर फेऱ्या घालाव्या लागतात.

नराला घर नाही, पिलांची जबाबदारी नाही, पोटावरचा ब्रशही नाही. तो फुलावर येतो तो स्वतःपुरता मध पिण्यासाठी आणि त्याहीपेक्षा माद्यांच्या शोधात. फुललेल्या झुडपांभोवती तो गस्त घालतो, क्षणभर बसतो, पुन्हा उडतो. अनेक जातींचे नर रात्री काडीला जबड्याने घट्ट धरून लटकत झोपतात. अशा उनाड जिवाला परागवाहक म्हणून हिशेबात धरायचे कशाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण अंगावरच्या लवेत थोडा पराग त्याच्याही अडकतो, आणि एका झुडपावर न रमता तो दूरदूरच्या झुडपांना भेटी देत फिरतो. शिवाय या माश्यांत नर माद्यांच्या आधी बाहेर पडतात. हंगामाच्या आरंभी, माद्या अजून कोठड्यांत बंद असताना, फुलांवरची वर्दळ बरीचशी नरांचीच असते.

घर कोठे?

मेगाकायलीच्या अनेक जाती पानांचे गोल तुकडे कातरून त्यांची कोठडी करतात. शहरी वाचकाला त्यांचा परिचय असतो, फक्त नाव ठाऊक नसते. गच्चीवरच्या गुलाबाच्या पानांना कडेने कंपासाने काढल्यासारखी अर्धवर्तुळे कापलेली दिसतात आणि कीड लागली म्हणून फवारणी होते, तेव्हा अपराधी बहुधा हीच माशी असते. ती पान खात नाही, नेते. झाडाचे त्यामुळे फारसे बिघडत नाही. याच प्रजातीतल्या काही जाती मातीने भिंतीतली भोके बंद करतात. किल्लीचे भोक किंवा विजेच्या सॉकेटची छिद्रे मातीने बुजलेली आढळली की कुंभारीण माशीला बोल लावला जातो. तो नेहमी बरोबर असतोच असे नाही.

सेफॅलोटिस ही यांहून वेगळी. ती राळ वापरते. झाडांच्या खोडांतून पाझरणारा चीक, डिंक गोळा करून ती आपल्या कोठड्या लिंपते. तिच्या घरट्यांवरचा सविस्तर अभ्यास २०२२ साली ‘इन्सेक्ट्स’ या संशोधनपत्रिकेत आला. पान असो, माती असो की राळ, या माश्यांपैकी बऱ्याच जणी घरासाठी पोकळी स्वतः खणत नाहीत. वाळलेल्या लाकडात भुंगेऱ्यांनी पाडलेली भोके, पोकळ बोरू, बांबूची तुटकी टोके, मातीच्या भिंतीतल्या फटी, असे तयार बिऱ्हाड त्या शोधतात. पोकळीच्या आतल्या टोकापासून एकामागे एक कोठड्या रचत मादी बाहेर येते. आतल्या कोठड्यांत बहुधा माद्यांची अंडी, दाराशी नरांची. नर आधी बाहेर पडतात ते याच व्यवस्थेमुळे.

यातून शेतकऱ्याच्या दृष्टीने एक अवघड गणित निर्माण होते. आग्या माशी अन्नासाठी काही किलोमीटर जाऊ शकते. एकल माशीची धाव बहुतेकदा काहीशे मीटरच. सफरचंदाच्या बागांसाठी हिमाचलात मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणतात, तशी सोय या माश्यांची नाही. फालशाच्या बागेत त्या हव्या असतील तर त्यांचे घर बागेतच किंवा बांधावर असावे लागते. आणि नीटनेटक्या शेतीत नेमके तेच राहत नाही. जुने कुंपण जाऊन तारा येतात. मातीच्या भिंती सिमेंटच्या होतात. वठलेले झाड सरपणाला जाते. हिवाळ्यातील छाटणीनंतर बांधावरचा काडीकचरा एकत्र करून पेटवून दिला जातो, आणि त्यातील पोकळ काड्यांत पुढच्या हंगामाच्या माश्या अळीच्या रूपात निजलेल्या असू शकतात. फालशाच्या छाटलेल्या लांब काड्यांच्या टोपल्या विणण्याची जुनी रीत होती. ती मागे पडली तशी काडी जाळण्याचे निमित्त वाढले.

फवारणीचा प्रश्नही इतर फळांहून बिकट आहे. आंब्याचा मोहोर आणि आंबा यांच्यात काही महिन्यांचे अंतर असते. फालशात फूल आणि फळ एकाच फांदीवर नांदतात. फुलोऱ्याच्या काळात मारलेले कीटकनाशक माशीवर पडतेच, शिवाय उद्या-परवा तोडायच्या आणि न सोलता, सालीसकट खायच्या फळावरही पडते. त्यामुळे या हंगामात फवारणी टाळणे हा केवळ माशीचा कैवार नाही, खाणाऱ्याच्या पोटाचाही विचार आहे.

फालशाचा बहर दोन-तीन महिन्यांचा. उरलेल्या काळात या माश्यांच्या पिढ्या कशावर जगतात, हा त्याहून मोठा आणि बहुधा दुर्लक्षित मुद्दा. पंजाबात मोहरी आणि बरसीमची शेते आहेत, बांधावरचे तण आहे. महाराष्ट्रात या कुळातील माश्यांचा मोठा आधार म्हणजे तूर. तुरीच्या फुलाची मिटलेली नौका उघडायला जोर आणि वजन लागते. मेगाकायलीच्या माद्या आणि मोठे काळे भुंगे ते काम करतात, आणि विदर्भ-मराठवाड्यातील तुरीच्या शेतांत त्यांची ये-जा असते. तुरीनंतर मात्र उन्हाळ्यात शेत ओस पडते. बांधावर फालसा, करंज, शेवगा अशी काही फुलणारी झाडे असतील तर माश्यांची साखळी तुटत नाही. कोरडवाहू भागात फालशाचा विचार बागेऐवजी बांधावरचे झुडूप म्हणून व्हावा, असे म्हणण्यास येथे आधार मिळतो. उष्णता आणि पाण्याचा ताण ते सोसते, आणि पानगळीत सुप्तावस्थेत असल्याने थोडी थंडीही.

एकल माश्यांना माणसाने घर देण्याचे प्रयोग नवे नाहीत. अमेरिका आणि कॅनडात लसूणघासाच्या बियाण्यासाठी मेगाकायलीचीच एक जात नळ्यांच्या पेट्यांत वाढवली जाते. जपानात सफरचंदाच्या बागांत तिची एक चुलत जात बोरूच्या जुड्यांत पोसतात. भारतात यासाठी बांबू पुरेसा आहे. सहा ते दहा मिलिमीटर व्यासाचे, एका बाजूने पेराने बंद असलेले वीतभर लांबीचे तुकडे एकत्र बांधून पावसापासून आडोसा असलेल्या जागी, जमिनीपासून हातभर उंच, सकाळचे ऊन लागेल असे आडवे टांगावेत, एवढेच. तोंड राळेने, मातीने किंवा पानाने बंद झालेली नळी भरलेली समजावी. ती हलवू नये, फोडून पाहू नये. छाटणीच्या दिवसांत आवराआवर करताना अशा जुड्या काडीकचऱ्यात जाऊ न देणे महत्त्वाचे, कारण फालशाची पहिली कळी येईल त्या सुमारास त्यांच्या दाराशी बसलेले नर बाहेर पडणार असतात.